पहिला नंबर नसलेली शाळा : नूतन बाल शिक्षण संघाची शंभर वर्षे

शाळेच्या शताब्दी अंकात काही पाने ठरलेली असतात. बोर्डात चमकलेल्या विद्यार्थ्यांची यादी, शंभर टक्के निकालाची वर्षे, शिष्यवृत्तीधारकांचे ओळीने लावलेले पासपोर्ट आकाराचे फोटो. नूतन बाल शिक्षण संघाच्या शंभर वर्षांचा आढावा घेताना ही पाने कोरीच राहतात. संघाने ज्या वयाच्या मुलांत मुख्यतः काम केले त्या वयात बोर्डाची परीक्षा नसते, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण जास्त महत्त्वाचे आहे. संस्थापकांनी पहिल्यापासूनच नंबर, बक्षीस आणि शिक्षा या तिन्हींना शाळेत मज्जाव केला होता. मूल शेजारच्यापेक्षा किती पुढे आहे हे मोजायचे नाही, ते स्वतः कालच्यापेक्षा किती पुढे सरकले तेवढे पाहायचे, असा हा शिरस्ता.

हा शिरस्ता भावनगरला, दादरला, बोर्डीच्या वाड्यावस्त्यांत आणि कोसबाडच्या टेकडीवर एकाच अर्थाने मात्र पाळला गेला नाही. भावनगरच्या सुशिक्षित घरांतल्या मुलांना परीक्षेच्या धाकातून सोडवायचे होते. कोसबाडच्या वारली मुलाच्या बाबतीत ते शाळेपर्यंत पोचले, हाच मोठा पल्ला होता. संघाचा इतिहास म्हणजे या एका शिरस्त्याचा अर्थ कसा बदलत गेला त्याची हकीगत आहे.

१९२६ पूर्वी : वकिलाचा मुलगा आणि दट्ट्यांची पेटी

गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) पेशाने वकील. तरुणपणी नशीब काढायला पूर्व आफ्रिकेत जाऊन आलेले, मुंबईत कायदा शिकून वढवाणला वकिली करणारे. १९१३ साली त्यांना मुलगा झाला आणि त्याला पुढे कोणत्या शाळेत घालायचे, हा प्रश्न पडला. स्वतःच्या शाळेच्या आठवणी काही फार गोड नव्हत्या. मोतीभाई अमीन यांच्यामुळे माँटेसोरीबाईंच्या पद्धतीची त्यांना ओळख झाली आणि वकिलाचे मन कोर्टातून उडाले. १९१६ साली ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाले. नानाभाई भट्ट यांनी १९१० मध्ये काढलेली ही संस्था. तिथेच १९२० साली गिजुभाईंनी बालमंदिर सुरू केले. मुले त्यांना ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशीवाली आई, म्हणू लागली. वकिलाला याहून मोठी सनद मिळाल्याचे ऐकिवात नाही.

बालमंदिरातले एक साधन जवळून पाहण्यासारखे आहे, कारण संघाची पुढची वाटचाल त्यात साठलेली आहे. लाकडाचा एक लांबट ठोकळा, त्यात ओळीने दहा भोके आणि प्रत्येक भोकात बरोबर बसणारा, वर मूठ असलेला एकेक दट्टा. दट्टे जाडीने किंवा उंचीने क्रमाक्रमाने कमी होत जातात. मूल सगळे दट्टे काढते, मिसळते आणि पुन्हा बसवायला घेते. बारीक दट्टा मोठ्या भोकात सहज जातो, मुलाला वाटते जमले. पण शेवटी एक जाड दट्टा हातात उरतो आणि उरलेल्या भोकात काही केल्या शिरत नाही. चूक झाली हे ठोकळाच सांगतो. बाई बोलत नाहीत, लाल शाई लागत नाही, शेजारचे मूल हसत नाही. मूल सगळे उपसून पुन्हा बसते. पाचव्या खेपेला जमले तरी त्याचे ‘पाच गुण कमी’ होत नाहीत. ज्याला पहिल्या खेपेला जमले तो दुसऱ्या साधनाकडे वळतो. ज्याला जमले नाही तो तिथेच रमतो आणि त्याचेच बोट जास्त शिकते.

१९२३ साली ताराबाई मोडक बालमंदिरात आल्या. मुंबईत प्रार्थना समाजी घरात वाढलेल्या, १९१४ च्या पदवीधर, राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्या. ते मानाचे आणि चांगल्या पगाराचे पद सोडून तीन-चार वर्षांच्या मुलांबरोबर जमिनीवर बसणे त्या काळी वेडेपणाचेच वाटले असणार.

१९२६ ते १९३५ : भावनगर

१९२६ साली गिजुभाई आणि ताराबाई यांनी नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना केली. एक बालमंदिर चालवून भागणार नाही, शिक्षक घडवावे लागतील, पालकांना समजवावे लागेल आणि त्यासाठी लिहावे लागेल, हे दोघांनाही दिसत होते. म्हणून संघाचे काम तीन अंगांनी वाढले : अध्यापन मंदिर, ‘शिक्षण पत्रिका’ आणि परिषदा. गुजरातीत निघालेल्या पत्रिकेची मराठी आवृत्ती १९३३ पासून ताराबाईंनी चालवली.

सुरुवातीचा विरोध कडवा होता आणि तो घरातून येत होता. मुले दिवसभर खेळतात, मातीत हात घालतात, गोष्टी ऐकतात, पण पाढे कुठे आहेत? नंबर कितवा? आपले मूल हुशार की मठ्ठ, हे बाहेरच्याला कळायचे कसे? निकालपत्रक हा पालकांचाही आरसा असतो आणि संघाने तो आरसाच काढून घेतला होता. गिजुभाईंनी पालकांसाठी ढीगभर पुस्तिका लिहिल्या त्या या चौकशीला उत्तर म्हणून. तिसाव्या दशकाच्या आरंभी आलेले ‘दिवास्वप्न’ हे त्यांचे सर्वांत गाजलेले पुस्तक. लक्ष्मीराम नावाचा शिक्षक साध्या सरकारी शाळेतला चौथीचा वर्ग एक वर्षासाठी प्रयोगाला मागून घेतो. पहिल्याच दिवशी त्याचा शांततेचा खेळ साफ फसतो, पोरे गोंधळ घालतात, बाकीचे मास्तर गालात हसतात. वर्षभरात गोष्टी, नाटके आणि भटकंती यांतून वर्ग फुलतो. बक्षिसांची वेळ येते तेव्हा पहिल्या-दुसऱ्याला वाटायचा पैसा सगळ्यांच्या वाचनालयाला लावावा, असे तो सुचवतो. पुस्तक काल्पनिक असले तरी त्यामागे बालमंदिरातली दहा वर्षे उभी होती. आजच्या शिक्षकांनी ते वाचताना फसलेल्या पहिल्या दिवसाचे प्रकरण टाळू नये. पुढच्या यशापेक्षा तेच उपयोगाचे आहे.

१९३६ ते १९४५ : दादर आणि एक वेगळा प्रश्न

ताराबाई मुंबईला आल्यावर संघाचे मराठी काम दादरला रुजले. १९३६ साली तिथे शिशुविहार सुरू झाले. बालमंदिराबरोबर शिक्षिकांचे प्रशिक्षणही आले. सरलाबाई देवधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम पुढे अनेक वर्षे सांभाळले. १९३६ सालीच गिजुभाईंनी दक्षिणामूर्ती सोडली, राजकोटला नवे अध्यापन मंदिर काढले आणि जून १९३९ मध्ये ते गेले. माँटेसोरीबाई अड्यारच्या थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून भारतात आल्या त्या त्याच वर्षी, काही महिन्यांनी. भारतात त्यांची पद्धत घरोघर नेणारा माणूस तेव्हा हयात नव्हता. मूळ पद्धत जशीच्या तशी चालवायची की इथल्या मातीत मिसळायची, यावर त्या काळात बरीच चर्चा झाली. तिच्या तपशिलात शिरण्याचे इथे कारण नाही. संघाने दुसरा मार्ग धरला, इतके पुरे.

दादरची मुले गोजिरी, स्वच्छ, डबा घेऊन येणारी. खेड्यातल्या मुलाचे काय, हा प्रश्न ताराबाईंना स्वस्थ बसू देईना. माँटेसोरी साधनांचा एक संच घ्यायचा तर खेड्यातल्या शाळेचे वर्षाचे अंदाजपत्रक उलटेपालटे व्हावे. शिवाय गांधीजींच्या विचाराचा रेटा होताच : जे गरिबातल्या गरिबाला परवडत नाही ते राष्ट्रीय शिक्षण कसले?

१९४५ साली बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टचे ग्रामसेविकांसाठी शिबिर झाले. तिथे ताराबाईंची गाठ अनुताई वाघ यांच्याशी पडली. अनुताई पुण्याच्या हुजूरपागेतली शिक्षिकेची नोकरी सोडून आलेल्या. तेराव्या वर्षी वैधव्य आलेली मोरगावची ही मुलगी व्हर्नाक्युलर फायनल देऊन शिक्षिका झाली, दिवसा शिकवून रात्रशाळेतून १९३७ साली मॅट्रिक झाली आणि पुढे १९६१ साली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, पदवीधर झाली. परीक्षांना मुलांच्या शाळेत थारा न देणाऱ्या संस्थेच्या या कार्यकर्तीने स्वतः मात्र परीक्षा देणे सोडले नाही. यात विसंगती शोधणाऱ्यांनी जरूर शोधावी. अनुताई त्या परीक्षांना कुणाच्या पुढे जाण्यासाठी बसल्या नव्हत्या.

डिसेंबर १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले.

१९४६ ते १९५५ : बालवाडीतून अंगणात

बोर्डी हे समुद्रकाठचे, चिकूच्या वाड्यांचे गाव. आचार्य भिसे यांच्यासारख्या शिक्षकांमुळे तिथे शिक्षणाचे वातावरण होते. पण गावापासून आत गेले की वारली पाडे सुरू होत आणि तिथे चित्र पालटे. त्याच १९४५ सालच्या मे महिन्यात झरी गावात वारल्यांची मोठी परिषद भरली होती आणि गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकाराने वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला होता. उंबरगाव-डहाणू पट्ट्यातल्या आदिवासींनी पांढरपेशा कपड्यातला माणूस पाहिला होता तो बहुधा सावकार, जमीनदाराचा दिवाणजी नाहीतर पोलीस म्हणून. त्या पाड्यांत दोन लुगड्यातल्या बाया ‘पोरे शाळेत पाठवा’ म्हणत शिरल्या, तेव्हा दारे आतून लागली तर नवल नाही.

केंद्राने बालवाडी उघडली, मुले येईनात. घरी धाकटे भावंड सांभाळायचे असे, शेळ्या असत, आई-बाप मजुरीला गेलेले असत. मुले येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात नेऊ, हा निर्णय ताराबाई-अनुताईंनी घेतला आणि त्यातून ‘अंगणवाडी’ जन्माला आली. वस्तीतलेच एखादे अंगण झाडायचे, मुलांना गोळा करायचे, हातपाय धुवायचे, नखे कापायची, केस विंचरायचे आणि मग गाणी, गोष्टी, खेळ. कित्येक दिवस पहिला तास फक्त पाणी, साबण आणि फणी यांचाच असे. महागड्या लाकडी साधनांची जागा शंख-शिंपले, चिंचोके, खडे, पाने आणि काड्यांनी घेतली. मोठा-लहान, जड-हलका, खरखरीत-गुळगुळीत हे सगळे समुद्रकिनारा फुकट शिकवत होता.

इथे जुना शिरस्ता नव्याने लावावा लागला. भावनगरला मुलाची प्रगती म्हणजे दट्टे बसले, वाचन आले, चित्र रंगले. बोर्डीच्या वाडीत ती आणखी अलीकडून सुरू होई. काल झाडामागे लपलेले पोर आज कडेला येऊन उभे राहिले. परवा ते बसले. चौथ्या दिवशी त्याने केसांना हात लावू दिला. नोंद करायची तर या पायऱ्यांची, आणि ती प्रत्येक मुलाची वेगळी. शंभरपैकी गुण देणाऱ्याला हा हिशेब मांडताच आला नसता. अनुताईंचे ‘बालवाडी कशी चालवावी’ हे पुस्तक या अनुभवातून आले आणि पुढे अनेक भाषांत गेले.

१९५६ ते १९६५ : टेकडी, पाळणाघर, कुरणशाळा

पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धात केंद्र बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर आले. तिथे गोखले एज्युकेशन सोसायटीची कृषी संस्था होती, पाणी आणि माणसांची सोबत होती. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आजूबाजूला पाडेच पाडे होते.

टेकडीवर उभी राहिलेली ‘विकासवाडी’ ही संघाची सर्वांत मोलाची भर. एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा. आठ वर्षांची मुलगी शाळेत येत नाही कारण तिच्या कडेवर वर्षाचे भावंड आहे. तिला रागावून उपयोग नाही, दोघांनाही येऊ द्या, भावंड पाळणाघरात झोपेल आणि ही वर्गात बसेल. शिक्षणखाते मुलांच्या गळतीची कारणे शोधत असताना कोसबाडला त्यातल्या एका कारणासाठी पाळणा टांगला गेला होता. गुरे राखणाऱ्या मुलांचा प्रश्न मात्र त्यानेही सुटेना, कारण गुरांना पाळणाघर चालत नाही. मग शिक्षक गुरांच्या मागे कुरणात गेले. ही ‘कुरणशाळा’. साहित्याची पिशवी खांद्यावर, फळा झाडाला टेकवलेला, गुरे चरता चरता अक्षरे आणि हिशेब. गुरे पुढे सरकली की वर्गही सरके. घंटा नाही, इयत्ता नाही, म्हणून नापास होण्याची सोयही नाही. ज्या मुलाने दोन दिवस दांडी मारली ते तिसऱ्या दिवशी जिथे सोडले होते तिथूनच सुरू करी.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. टेकडीवरच्या कार्यकर्त्यांची नावे घेऊ लागलो तर हा लेख संपणार नाही. पहाटे पाड्यांवर जाऊन मुले गोळा करणाऱ्या, त्यांना न्हाऊ घालणाऱ्या आणि तुटपुंज्या मानधनावर वर्षानुवर्षे टिकलेल्या सेविकांमुळेच हे काम चालले. त्यांत पुढे या पाड्यांतल्या मुलीही आल्या.

१९६६ ते १९७५ : एक शब्द दिल्लीला जातो

३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाई गेल्या. पुढच्या दोन वर्षांत त्यांनी रूढ केलेला शब्द देशभर झाला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने ३३ गटांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना ‘अंगणवाडी’ हे नाव दिले. नाव पोचले, मात्र पोषण आणि लसीकरणाच्या रेट्यात अंगणातले शिक्षण मागे पडले, असे संघाच्या कार्यकर्त्यांना वाटत राहिले आणि ते वाटणे खोटे नव्हते.

१९७६ ते १९९२ : अनुताईंचे पर्व

या काळात कोसबाड हे शिक्षणातल्या माणसांचे तीर्थक्षेत्र झाले. १९८० साली अनुताईंचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे आत्मकथन प्रसिद्ध झाले. १९८२ मध्ये अनुताई आणि रमेश पानसे यांच्या पुढाकाराने ‘ग्राममंगल’ ही संस्था निघाली आणि डहाणू तालुक्यातल्या दाभोण-ऐना भागात तिने पुढचे प्रयोग केले. कोसबाडची एक फांदी वेगळ्या कुंडीत लागली आणि जोमाने वाढली, इतकेच याबाबत म्हणता येईल. ऐंशीच्या दशकात अनुताईंना पद्मश्री आणि जमनालाल बजाज पुरस्कार मिळाले.

टेकडीखाली मात्र जग दुसऱ्या दिशेने निघाले होते. शहरांत के.जी.चे पेव फुटले, तीन वर्षांच्या मुलांच्या मुलाखती होऊ लागल्या. दहावीच्या गुणवत्ता यादीतली मुले वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर, पेढा भरवतानाच्या फोटोसह, झळकू लागली. अनुताई २७ सप्टेंबर १९९२ रोजी गेल्या, त्या वेळी महाराष्ट्रातला मध्यमवर्ग ‘किती टक्के?’ या प्रश्नात पुरता गुरफटला होता.

१९९३ ते २००९ : दप्तराचे ओझे

संघाचे जुने म्हणणे आता सरकारी अहवालांतून ऐकू येऊ लागले. राज्यसभेत लेखक आर. के. नारायण यांनी शाळकरी मुलांच्या दप्तराच्या ओझ्याबद्दल भाषण केले आणि त्यातून नेमलेल्या यशपाल समितीने १९९३ साली ओझ्याविना शिक्षणाचा अहवाल दिला. महाराष्ट्राने १९९६ साली बालवाड्यांच्या प्रवेशाचे नियमन करणारा कायदा केला. चिमुरड्यांच्या मुलाखती तरीही अनेक ठिकाणी वेगळ्या नावाने चालूच राहिल्या. रत्नाकर मतकरी यांच्या ‘घर तिघांचं हवं’ या नाटकामुळे ताराबाईंचे आयुष्य रंगभूमीवर आले आणि शिक्षणाशी संबंध नसलेल्या प्रेक्षकांनाही ही बाई कोण होती ते कळले. कोसबाडला या वर्षांत संस्थापकांविना काम चालवण्याची घडी बसवण्यात बराच काळ गेला.

२०१० ते आजपर्यंत

शिक्षण हक्क कायद्यानंतर महाराष्ट्राने २०१० च्या ऑगस्टमध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू केले. गुणांबरोबर वर्णनात्मक नोंदी आल्या. ज्यांनी बोर्डीच्या अंगणात प्रत्येक पोराची वेगळी पायरी पाहिली होती त्यांच्या वारसांना हे आपलेच वाटावे. प्रत्यक्षात साठ-सत्तर मुलांच्या वर्गात त्या नोंदींचे काय झाले, ते महाराष्ट्रातल्या प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे : तयार वाक्यांची पुस्तिका बाजारात आली आणि ‘वर्गात सक्रिय सहभाग घेतो’ हे वाक्य निम्म्या वर्गाच्या पत्रकात उतरले. मुलाकडे न पाहता लिहिलेली नोंद गुणांपेक्षा बरी असते, असे संघाने कधी म्हटले नव्हते. वाऱ्याची दिशाही पुन्हा बदलली. २०२३ पासून राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परतली आहे.

लहान वयाच्या बाबतीत मात्र उलटे घडले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ हा पायाभूत स्तर मानला. २०२२ च्या त्यावरील आराखड्याने या वयात चाचण्यांऐवजी मुलांचे निरीक्षण करायला आणि त्यांच्या कामाचे नमुने जपायला सांगितले. २०२३ मध्ये दिल्लीहून खेळसाहित्याची ‘जादुई पिटारा’ ही पेटी निघाली. बोर्डीच्या किनाऱ्यावरून शिंपले गोळा करणाऱ्या बायांना तिचे कौतुकच वाटले असते, किंमत मात्र त्यांनी आधी विचारली असती.

कोसबाड १ ऑगस्ट २०१४ पासून नव्या पालघर जिल्ह्यात आले. टेकडीवर आदिवासी मुलांच्या शिक्षणाचे काम चालू आहे आणि लहान मुलांना शिकवणाऱ्या बायांची तयारी हा संघाचा जुना विषयही शिळा झालेला नाही. आजच्या अंगणवाडी सेविकेच्या हातात मोबाइल आहे. २०२१ पासून ती ‘पोषण ट्रॅकर’मध्ये प्रत्येक मुलाचे वजन आणि उंची भरते, आणि त्या आकड्यांची गरज कुणी नाकारणार नाही. त्याखेरीज २०२३ साली सुरू झालेल्या ‘पोषण भी, पढाई भी’ कार्यक्रमाखाली सेविकांना बालशिक्षणाचे प्रशिक्षणही दिले जाते. मुलांपुढे कोणते साधन ठेवायचे, मूल अडले तर किती वेळ थांबायचे आणि दिवस संपल्यावर काय टिपून ठेवायचे, हे त्या प्रशिक्षणातल्या बायांचे प्रश्न आहेत. दादरच्या आणि कोसबाडच्या अध्यापन वर्गांतही तेच विचारले जात. ‘शिक्षण पत्रिके’चे जुने अंक त्यासाठी आजही काढून पाहावेत असे आहेत.